नवी दावी

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या ओटीवर चराईचे अठरा हजार रुपये ठरले. निम्मे लगेच आणि निम्मे शिमग्याला द्यायचे होते. ते देवळाच्या कामाला जायचे. हजर चौघं होतो: मी, माझी बायको, गावचे पोलीस पाटील आणि दरसाल गायी घेऊन येणारा काठेवाडी. त्याने कमरेच्या पिशवीतून नऊ हजार काढून पाटलांच्या हातात दिले. पाटलांनी ते मोजले, मग मी मोजले. जामीन मी होतो. त्याच्या गुरांनी कुणाचा वाल खाल्ला तर भरपाई माझ्याकडून घ्यायची, अशी बोली होती.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर आहे. माझी भातगिरणी आहे आणि साडेतीन एकर शेत. हा माणूस दहा वर्षं येत होता. मूळचा गुजरातेतल्या काठेवाडचा. पाऊस सरला की सत्तरेक गायी घेऊन नाशिकच्या बाजूने कसारा घाट उतरायचा, उंबरमाळीपाशी पहाटे हायवे ओलांडायचा आणि भातसाच्या पाण्याच्या कडेकडेने आमच्याकडे यायचा. बरोबर भाऊ, दोघांच्या बायका, दोन उंट आणि भांडीकुंडी. भात कापून झालेलं असायचं. त्याच्या गायी पाळीपाळीने एकेकाच्या शेतात रात्री बसायच्या. त्याला चारा मिळायचा, आम्हाला शेण. भाताची रोपं करायची जागा भाजायला, म्हणजे राबाला, शेण लागतं, आणि गावात बैल आता चार घरांत उरलेत. माझेही बैल मी पॉवर टिलर घेतला तेव्हाच विकले.

पहिल्या वर्षी पाळी लावताना त्याने मला विचारलं होतं, "भाई, सगळ्यांच्या शेवटी तुझं शेत का?"

"जामीन आहे म्हणून," मी म्हणालो. "आधी माझ्या शेतात बसलास तर लोक म्हणतील शेणासाठी जामीन राहिला."

तो हसला. "तू माणूस नाय, तराजू आहेस."

तेव्हापासून दरवर्षी आल्या आल्या विचारायचा, तराजू बरा आहे ना?

यंदा तो आला तोच तोंड उतरलेलं घेऊन. भातसाच्या काठावर त्याला पहारेकऱ्यांनी पाण्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. लांब तिकडे सरहद्दीवर काहीतरी झालं होतं, आणि मुंबईच्या पिण्याचं पाणी म्हणून धरणावर बंदोबस्त वाढला होता. त्यांतला एक ओळखीचा होता, दरसाल त्याच्याकडून दूध न्यायचा. म्हणाला, वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काय नाय. तहानलेली गुरं तिथून फिरवून त्याने आमच्या नदीवर आणली.

पाऊस सरून दोन महिने झाले की आमच्या नदीला डोह तेवढा राहतो. पौषात डोहाचं पाणी गढूळ व्हायला लागलं तशा बायका कुरकुरू लागल्या. ती तक्रार खरी होती. मी त्याला सांगून गुरांची वेळ दुपारची ठरवून दिली, धुण्याची सकाळची. महिनाभर निभावलं.

मग शेजारच्या गावात शेतपंपाची तांब्याची वायर चोरीला गेली. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी काठेवाड्याच्या पालाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, हे कोण आहेत, कुठून आले, कुणी आणले. दहा वर्षं ज्यांच्या घरी त्याचा खवा जात होता त्यांनीही त्याखाली अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी पाटील आधार कार्डांच्या झेरॉक्स मागायला आले. दोन्ही भावांची कार्डं होती. बायकांपैकी एकीचं नव्हतं.

"पोलीस ठाण्यात यादी द्यायची हाय, दादा," पाटील मला म्हणाले. "बाहेरचं माणूस ज्याच्या जागेत ऱ्हातंय त्यानं कळवायला पायजे. तुमचं नाव टाकलंय."

"टाका. मी जामीनच आहे."

"तो जामीन वालाचा व्हता. हे येगळं हाय."

शिमग्याच्या आधी देवळात बैठक झाली. पोरं मुरबाडच्या कंपन्यांतून सुट्टी काढून आली होती. वायर त्याने चोरली असं कुणीच म्हणालं नाही. म्हणाले, उद्या काय झालं तर? मी विचारलं, दहा वर्षांत काय झालं ते सांगा. एकजण म्हणाला, "काका, तुमचा हिशोब मागचा. आमी पुढचं बोलतोय." पुढच्याचा हिशोब मला येत नाही. ठरलं असं: शिमगा झाला की त्याने निघावं, राहिलेले नऊ हजार त्याच्याकडून घेऊ नयेत. माझ्या शेताची पाळी राहिली होती. तिचा विषय मी काढला नाही.

मी जाऊन त्याला सांगितलं. तो गायीच्या अंगावरच्या गोचड्या काढत होता. थांबला नाही.

"जातो. पण तीन गायी आठवड्यापूर्वी व्यायल्यात. वासरं घाट चढणार नाहीत, भाई. तापलेल्या रस्त्यावर त्यांचे खूर टिकत नाहीत. त्या तिघींच्या दुधावर आमचं जेवण चाललंय. बाकीच्या आटल्या."

घोटीच्या पुढे त्याच्या मेव्हण्याचा तळ होता. तीन गायी आणि तीन वासरं तिथवर टेम्पोने पोचवायची आणि बाकीचा कळप भावाने चालवत न्यायचा, असं आम्ही ठरवलं. शहापूरचा एक टेम्पोवाला साडेचार हजारांत तयार झाला.

प्रश्न दाव्यांचा आला. कळपातली गाय कधी बांधलेली नसते, हाकेवर चालते. त्याच्याकडे वासरांची दावी होती, मोठ्या गायींची नव्हती. टेम्पोत मात्र बांधावं लागतं. माझ्या गोठ्यात खुंटीवर चार जुनी दावी आहेत, विकलेल्या बैलांची. आमच्यात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. विकणारा गळ्यातलं सोडून घरी ठेवतो, घेणारा स्वतःचं नवं घेऊन येतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत गेली, असं मानतात.

बायको म्हणाली, "अहो, ती जुनीच द्या ना. नाहीतरी लोंबकळतायत."

"विकलेल्या जनावराचं दावं दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाय."

"वापरायची नाय, द्यायची नाय. मग पूजा करा त्यांची."

मी किन्हवलीच्या बाजारातून तीन नवी नायलॉनची आणली, निळी, नव्वदला एक. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "नवी दावी? तराजू, माझ्या गायी विकायला काढल्यास काय?" बायकोसकट आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसातलं हसणं तेवढंच.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी ड्रायव्हरशेजारी होतो, तो मागे गायींजवळ. हायवेला लागून कसाऱ्याच्या दिशेने गेलो. उंबरमाळीच्या अलीकडे एका ढाब्यापाशी दोन मोटरसायकली आडव्या लावून सात-आठ जणांनी टेम्पो थांबवला. पोरं आमच्याच भागातली, आमच्यासारखंच बोलणारी.

"कुठं न्यायच्या?"

"घोटीला. यांच्याच आहेत," मी म्हणालो.

"यांच्या म्हंजी कुनाच्या? कुठल्या बाजारातून घेतल्या?"

"घेतल्या नाहीत. घरच्या आहेत."

त्यांच्यातला एक मागच्या फळीवर चढला. शेतकऱ्याचाच पोरगा असणार, कारण त्याने गायींची तोंडं पाहिली नाहीत, गळे पाहिले. खाली उडी मारून माझ्यासमोर आला.

"काका, तुमी वयानं मोठं. एक सांगा. घरच्या गायीच्या गळ्यात कोरं दावं कसं? तिघींच्या बी? काल घेतल्यात या. कापायला चालल्यात."

तो म्हणत होता ते शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा खरं असतं. मीही त्याच्या जागी तेच म्हणालो असतो. जुनी दावी का दिली नाहीत हे मी सांगायला लागलो तर ते हसायला लागले. ड्रायव्हरच्या थोबाडीत बसली. माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. काठेवाड्याला खाली ओढलं, त्याचा फेटा पडला, तो उचलून कुणी दिला नाही. मीही लगेच वाकलो नाही. चारी बाजूंनी फोन आमच्यावर धरलेले होते.

पोलीस आले ते बरं झालं. ते नीट बोलले. पण खरेदीची पावती मागितली, जनावरं वाहून न्यायचा दाखला मागितला. दोन्ही नव्हतं.

तो म्हणाला, "साहेब, पावती विकत घेतल्याची असते. हिची आई माझी, आजी माझ्या बापाची. पावती कोण देणार, तिची आई?"

हवालदार हसला. त्याला ते पटलंही असेल. काठेवाड्याने हाक मारली की तिन्ही गायी माना वळवत होत्या, हे ठाण्याच्या आवारात सगळ्यांनी पाहिलं. तरी चौकशी होईपर्यंत गायी तालुक्यातल्या एका गोशाळेत ठेवायच्या असं ठरलं. चाऱ्याचा खर्च गायीमागे रोज एकशे वीस, मालकाने द्यायचा. वासरांचा धरला नाही.

कळप भावाबरोबर पुढे गेला होता. हा एकटा आमच्या ओटीवर राहिला. गावाने त्याला जायला सांगितलं होतं आणि कायद्याने त्याला इथेच अडकवलं होतं. पाटील येऊन बघून गेले. रोज सकाळी शहापूरची एसटी पकडून तो गोशाळेच्या फाटकापर्यंत जायचा. आत सोडायचे नाहीत. जाळीतून बघून परत यायचा. बायको ताट वाढायची तेव्हा म्हणायचा, "भाभी, आज पुढच्या कुंपणाशी आली होती." दूध तिकडे कोण काढतं, वासराला किती सोडतात, हे तो मला विचारायचा. मला माहीत नसायचं.

दहाव्या दिवशी एक वासरू गेलं. जुलाब झाले म्हणाले. त्याची आई पान्हा चोरायला लागली, आणि पान्हा न सोडणारी गाय लवकर आटते.

वकील केला, पाच हजार. पाटलांनी दाखला लिहून दिला की हा माणूस दहा वर्षं गायी घेऊन येतो, गायी त्याच्या आहेत. तो दाखला त्यांनी आधी दिला असता तर, असं बायको म्हणाली. आधी कुणी मागितला नव्हता. चोविसाव्या दिवशी गायी सोडायचा हुकूम मिळाला. तीन गायी, चोवीस दिवस, आठ हजार सहाशे चाळीस. त्याच्याकडे तेवढे नव्हते. मी भरले. टेम्पोचे आणि वकिलाचेही मीच दिले होते.

तिन्ही गायी आमच्या अंगणात आल्या. बरगड्या मोजता येत होत्या. गळ्यात तीच निळी दावी. त्याने एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला म्हणाला, "तुझं देणं डोक्यावर घेऊन मी घाट चढणार नाही. पुढल्या साली येईन की नाही, कुणाला ठाऊक."

"मी मागितलेत का?"

"तू मागणार नाहीस म्हणून तर."

त्याने वासरू गेलेली गाय विकायला काढली. घेतली पाटलांनीच. पान्हा चोरते म्हणून भाव पाडला, पंधरा हजार. पुन्हा आम्ही तेच चौघं ओटीवर बसलो. पाटलांनी पावती लिहिली, दोघांनी सही आणि अंगठा केला. त्याने कागद दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर केला.

"बघ भाई. आता मिळाली पावती."

कुणी हसलं नाही. पाटलांनी घरून स्वतःचं दावं आणलं होतं, ते गायीच्या गळ्यात घातलं. त्याने निळं सोडून घेतलं, गुंडाळलं, आणि थांबला.

"विकणाऱ्याने स्वतःचं दावं ठेवायचं, आणि हे तर तुझं. तू विकत आणलेलं. असं ठेवून घेता येत नाही मला. किती पडलं?"

"राहू दे."

"किती पडलं?"

पंधरा हजारांतून त्याने गोशाळेचे आठ हजार सहाशे चाळीस आणि वकिलाचे पाच हजार मला परत दिले. टेम्पोचे साडेचार हजार मी घेतले नाहीत. त्यावरून वाद झाला, तो मी जिंकला. एका दाव्याचे नव्वद रुपये त्याने वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. ते मी घेतले.