एका वेळी एकच आक्षेप

सरकारी नोकरीत मला एकच गोष्ट उत्तम जमली, ती म्हणजे दुसऱ्याच्या बिलात चूक काढणं. वसईतल्या आमच्या छोट्याशा कार्यालयात फिरतीची बिलं माझ्या टेबलावर यायची. फिरती म्हणजे कामासाठी गावोगाव केलेला प्रवास. कर्मचारी पदरचे पैसे घालून एसटीने जायचा, महिनाअखेरी कुठे गेला, किती वाजता निघाला, किती वाजता परतला, ते छापील फॉर्मवर लिहून द्यायचा. मी ते त्याच्या दैनंदिनीशी ताडून बघायचे. सगळं जुळलं तर साहेबांच्या सहीने बिल उपकोषागारात जायचं आणि काही आठवड्यांनी पैसे मिळायचे. जुळलं नाही तर मी हिरव्या शाईने आक्षेप लिहून बिल परत करायचे. साहेब मला कौतुकाने म्हणायचे, "बाईंच्या नजरेतून डाससुद्धा सुटायचा नाही." विनोद आमच्या कामाला धरून होता, कारण आमच्या खात्याचं कामच डासांचं. आमची माणसं गावागावांतून डास पकडून आणायची आणि कुठल्या गावात ताप वाढणार याचा अंदाज वर कळवायची.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे. मी नालासोपाऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहत होते. साताऱ्याकडचं आमचं घर आईच्या मागे भावांनी वाटून घेतलं, त्यात माझ्या वाट्याला शिलाई मशीन आलं. लग्न जमलं नव्हतं आणि चौतिशीनंतर कुणी विषयही काढेनासं झालं होतं. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती, पण पाण्याचा टँकर आला की तेवढ्यापुरते सगळे एकमेकांना ओळखायचे. सुट्टीला जोडून सुट्टी आली की मला धडकी भरायची. तीन दिवस तोंडातून शब्द जायचा नाही, आणि चौथ्या दिवशी एसटीत कंडक्टरला "वसई एक" म्हणताना स्वतःचाच आवाज घोगरा लागायचा. मला एकटं वाटायचं. हे तेव्हा मी कुणापाशी कबूल केलं नसतं.

कार्यालयातसुद्धा माझ्या टेबलाशी कुणी रेंगाळत नसे. बिलं तपासणाऱ्या बाईशी कामापुरतं बोलावं आणि सटकावं, असाच सगळ्यांचा शिरस्ता. त्यांचंही बरोबर होतं. मी फटकळ होते.

डास पकडणाऱ्यांमधले एक काका पन्नाशी पार केलेले होते. वसई पूर्वेच्या भातशेतीच्या एका गावात राहायचे. भल्या पहाटे ते ठरलेल्या गावी जायचे, गोठ्यात शिरून टॉर्चच्या उजेडात भिंतीवर बसलेले डास हेरायचे आणि काचेची नळी ओठांत धरून तोंडाने एकेक डास आत ओढायचे. नळीला मध्ये जाळी असते, म्हणून डास पोटात जात नाही. पुढचे वरचे चार दात त्यांचे कधीच पडले होते. बोलताना ते तोंडावर हात धरायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "नळी झाक बसते बाय, दात नायत म्हनून. नोकरीसाठीच पाडलेत समज."

त्यांचं पहिलं बिल मी परत केलं ते अगदी रास्त कारणाने. त्यांनी पाचूबंदरला गेल्याचा भत्ता लावला होता. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला भत्ता नसतो, आणि पाचूबंदर त्याच्या आत येतं. दुरुस्ती करायला ते आले, समोरच्या स्टुलावर बसले आणि ती एक ओळ खोडायला त्यांनी पाऊण तास लावला. खोडायला काही वेळ लागत नव्हता, ते बोलत होते. पाचूबंदरला एका घरात म्हातारीने त्यांना चोर समजून कसं कोंडून ठेवलं आणि नंतर चहा पाजून, वर दोन सुके बोंबील हातावर ठेवून कसं सोडलं, ते सांगत होते. मी हसले. ऑफिसात मी हसल्यामुळे पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. त्या दिवशी खोलीवर गेल्यावर भाजी फोडणीला टाकताना मला तो किस्सा पुन्हा आठवला आणि मी पुन्हा हसले. वार मंगळवार होता, हे मला आजही आठवतं.

पुढच्या महिन्याचं बिल, नोव्हेंबरचं, बिनचूक होतं. वेळा बरोबर, अंतर बरोबर, तिकिटं क्रमाने डकवलेली, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही. मी ते दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. मग हिरवं पेन उचललं आणि लिहिलं, "पहाटे साडेचार वाजता मुख्यालय सोडण्याचे कारण नमूद करावे." डास पकडणारा माणूस पहाटे का निघतो, हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. पण कागदावर आक्षेप दिसला की कुणी वाद घालत नाही. काका आले, कारण लिहिलं, तासभर बसले.

आमच्यात नियम असा होता की बिलात जे काही खटकेल ते सगळं एकदम लिहून द्यायचं, माणसाला वारंवार खेपा पडू नयेत म्हणून. मी नेमकं उलट केलं. एका वेळी एकच आक्षेप. ती दुरुस्ती झाली की दुसरा. जुना मिटतोय तोवर पुढच्या महिन्याचं बिल यायचं, त्याला नवा. शब्दाचा कीस काढण्यात माझा हात कोण धरणार? गावाचं नाव अपूर्ण. कार्बन प्रत फिकट. सहीखाली तारीख नाही. काकांना एकदाही वाटलं नाही की ही बाई आपल्याला खेळवतेय. ते आपले कपाळावर हात मारून घ्यायचे, "काय राहिलं गं बाय या बारीला?" आणि स्टूल ओढायचे. थंडीत येताना वर्तमानपत्रात बांधलेल्या ओल्या वालाच्या शेंगा आणायचे. लोक काय म्हणतील म्हणून मी त्या पटकन पिशवीत घालायचे. खोलीवर त्या सोलताना वेळ बरा जायचा.

एवढं मात्र सांगते, त्या चार महिन्यांत मी सुखात होते. काका बहुधा गुरुवारी यायचे. ते येणार म्हटलं की मी बुधवारी केस धुवायचे. यात भलतंसलतं काही नव्हतं, ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. पण कुणीतरी आपल्यासाठी येतंय असं वाटण्यात फार मोठी गंमत असते. खरं तर ते माझ्यासाठी येतच नव्हते, ते स्वतःच्या पैशांसाठी येत होते. मी ते सोयीस्करपणे विसरत होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मे महिन्यात, गावातच. आणि मग हात तोंडावर धरून, जरा लाजून म्हणाले की या बारीला कवळी बसवून घ्यायची आहे. वसईतल्या दातांच्या डॉक्टरने माप घेऊन ठेवलं होतं. पैसे दिले की आठवड्यात कवळी तयार. "लग्नात फोटो काडनार ना बाय. पोरगी बोलते, बाबा, एक तरी फोटो हसून काडा." फिरतीच्या चार बिलांचे पैसे त्यांनी कवळीसाठीच धरून ठेवले होते. पगार सगळा लग्नात जाणार होता.

ती चारही बिलं माझ्या खणात होती.

त्याच दिवशी मी ती साहेबांपुढे ठेवायला हवी होती. एकतीस मार्चला सरकारी वर्ष संपतं. त्याच्या आत बिल उपकोषागारात गेलं नाही तर ते नव्या वर्षाच्या अनुदानाची वाट बघत बसतं, आणि ते अनुदान आमच्यापर्यंत पोचेस्तोवर पावसाळा लागतो. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी मनाशी म्हटलं, अजून महिना आहे. एक शेवटची खेप होऊ दे, मग सगळी बिलं एकदम पाठवू. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी चारही बिलांवर मिळून एक आक्षेप लिहिला, "दैनंदिनीतील दोन ओळींची शाई वेगळी. खुलासा करावा." आणि गुरुवारची वाट बघू लागले.

गुरुवारी काका आले नाहीत. मांडवीच्या पलीकडच्या पाड्यांवर तापाचे रुग्ण वाढले होते. साहेबांनी सगळ्यांना तिकडे पिटाळलं होतं आणि मुक्काम तिथेच होता. तिकडे फोन नव्हता. मी तिकडे जाणाऱ्या माणसाबरोबर चिठ्ठी दिली. ती पोचली नाही, किंवा पोचली तरी त्यांना सुटता आलं नाही.

एकतीस मार्चला सकाळपासून मी ती बिलं टेबलावर मांडून बसले होते. एक उपाय होता आणि तो माझ्याच हातात होता. माझ्या आक्षेपावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, "आक्षेप मागे घेतला." पण मग साहेबांनी विचारलं असतं, का मागे घेतला? मुळात काढलाच कशाला? त्यांनी आक्षेपांची नोंदवही मागवली असती, आणि चार महिन्यांचे माझे ते दिवे त्यात ओळीने लागलेले होतेच. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. दुपारी दोनला काढलं, पुन्हा लावलं. दारातून कुणी आलं की मान वर करायचे. उपकोषागाराची खिडकी बंद झाल्याचं शिपाई येऊन सांगून गेला, तेव्हा मी बिलं उचलून पुन्हा खणात ठेवली. माझी अब्रू राहिली. काकांची कवळी गेली.

एप्रिलमध्ये ते लग्नाची पत्रिका घेऊन आले. बिलाचं मी सांगितलं, तर म्हणाले, "तुझा काय दोष? माझीच शाई संपली न् मी दुसरं पेन घेतलं." एवढं बोलून त्यांनी पत्रिकेवर माझं नाव घातलं आणि खाली "सहकुटुंब" असं छापलेलं होतं ते तसंच राहू दिलं.

मी लग्नाला गेले. मांडवात काका नव्या कपड्यांत सगळीकडे धावपळ करत होते आणि डावा हात तोंडावरून खाली येत नव्हता. फोटोच्या वेळी मुलगी त्यांना काहीतरी म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि ओठ गच्च मिटून कॅमेऱ्याकडे बघितलं. नंतर मला बायकोजवळ नेऊन म्हणाले, "ही आमची बाय. बिलं तपासते. लई बारीक नजर." बायकोने माझ्या ताटात आग्रहाने भात वाढला. तिथेच सांगून टाकावं असं वाटलं, आणि मी पाणी प्याले.

जुलैत पैसे आले. कवळीचं विचारलं तर म्हणाले, "आता कोनाला दाखवायची? लगीन झालं." त्यानंतर त्यांचं फिरतीचं बिल माझ्या टेबलावर कधीच आलं नाही. ऑगस्टचं नाही, सप्टेंबरचं नाही. दिवाळीच्या सुमारास मी त्यांना जिन्यात गाठलं. ते ओशाळून म्हणाले, "नाय भरत बाय. आपल्याला लिहायला नाय जमत. तू किती येळा समजावलंस, तुला किती तरास दिला. ऱ्हाऊ दे, एसटीचे दोन पैसे जातात ते जातात." मी फॉर्म भरून देते म्हटलं, तर हात जोडले. निवृत्तीपर्यंत साडेतीन वर्षं ते पदरच्या पैशांनी गावोगाव फिरले. आणि बिल नाही म्हटल्यावर माझ्या टेबलाशी यायचं त्यांना काही कारणही उरलं नाही. स्टूल मी टेबलाशी तसंच ठेवलं होतं, पुढे झेरॉक्सवाल्याने ते पलीकडे नेलं.

निवृत्तीच्या महिन्यात मात्र त्यांना यावं लागलं. पेन्शनच्या कागदांत माझा एक दाखला लागायचा की या कर्मचाऱ्याचं प्रवास भत्त्याचं कोणतंही देयक प्रलंबित नाही. दप्तराप्रमाणे ते खरं होतं. मी टंकलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. ते बसले नाहीत. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, "यात कायी चूक नाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

ते गेले आणि दोन मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की दाखल्यावर जावक क्रमांक घालायचा राहिलाय. क्रमांकाशिवाय तो कागद ठाण्याहून परत आला असता. शिपायाला पाठवून काकांना बोलावता आलं असतं. मी पेन घेतलं आणि स्वतःच निघाले. साडीच्या निऱ्या धरून भर बाजारातून स्टँडपर्यंत पळाले. बस लागलेली होती. काका खिडकीशी बसले होते. मी आत चढले, त्यांच्या गुडघ्यावर कागद ठेवून क्रमांक घातला.

"बघ, राहिलंच ना माझं कायतरी," ते म्हणाले.

"तुमचं नाही काका. चूक माझी." मला धाप लागली होती, पण आता थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. "आधीच्याही माझ्याच होत्या. पाचूबंदरचं एक सोडलं तर तुमच्या एकाही बिलात चूक नव्हती. तुम्ही येऊन बसावं म्हणून मी लिहायचे."

काकांनी माझ्या पेन धरलेल्या हातावर थोपटलं. "तुझं मन मोठं बाय," ते म्हणाले. "जाताना बरं वाटावं म्हनून बोलतेस."

कंडक्टरने घंटी दिली. मी उतरले.