अण्णांनी स्वतःची मेमरी लावली

बंगळुरात, जे. पी. नगरात आमच्या घराखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. मराठी माणूस, पण जन्म तिथलाच. प्रत्येक वाक्याआधी कानडी वळणाचं ‘स्वल्प थांबा’, म्हणजे जरा थांबा. मदरबोर्ड तापलाय का, हे ते बोटांच्या पाठीने बघत, आजारी मुलाचं कपाळ बघावं तसं.

माझ्या कॉम्प्युटरवर माझी बायको तिचा प्रबंध लिहीत होती; त्याचा वेग अण्णांनी थोडा वाढवून दिला होता. कॉम्प्युटर मधूनच अडकायला लागला, तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, मेमरीचं व्होल्टेज वाढवा. सगळे वाढवतात.”

“स्वल्प थांबा. आज पळेल, पण मेमरी आतून भाजत राहील. एक दिवस वहिनींचा प्रबंध खराब करील.”

मी हट्ट सोडला नाही. तेव्हा त्यांनी माझी मेमरी काढून ठेवली, स्वतःच्या कॉम्प्युटरची लावली, प्रबंध फ्लॉपीवर उतरवला आणि मगच व्होल्टेज वाढवलं.

तीन दिवस यंत्र सुरेख पळालं. चौथ्या दिवशी स्क्रीनवर नुसता अक्षरांचा चिखल झाला. अण्णांची मेमरी जळाली होती.

अण्णांनी माझी मेमरी परत बसवली आणि वेग पूर्ववत केला. मी ओशाळून माफी मागितली.

“सरी, ठीक आहे, असू दे,” ते हसले. “वहिनींना म्हणावं, आता निवांत लिहा.”