उदास उंदीर आणि टँकरचं पाणी

एम.फार्म. करताना मला डिग्री मिळाली, पित्त मिळालं आणि एवढे किस्से मिळाले की लग्नाकार्यात लोक मला धड जेवू देत नाहीत. "सुनीता, ते उंदराचं सांग की!" आता कोणतं सांगू? तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही फारसं कळलेलं नाही.

आमची लॅब लातूरला. शहराला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई रोज उठत होती. लॅबमध्ये आम्ही चौघं. गाईड कुलकर्णी मॅडम, उदगीरजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा शिवराज, उंदरांचं खाणंपिणं बघणारे गफूरचाचा, आणि मी मुदखेडची. काम एवढंच की उंदरांना त्रास देऊन उदास करायचं, मग झाडपाल्याचा अर्क पाजायचा आणि रक्तातलं ताणाचं हार्मोन खाली येतं का ते बघायचं.

घरी हे सांगितलं तर वडील चक्रावले. "म्हंजी आधी तुम्हीच त्याला रडवणार, मग तुम्हीच औषध देणार?"

"हाव."

"मग रडवताच कशाला?"

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनीसुद्धा एवढा अवघड प्रश्न विचारला नाही!

*

पाला आणायला शिवराज आणि मी किनवटच्या जंगलात गेलो. तिथं एक म्हातारी शेळ्या राखत होती.

"काय तोडून राहिले रे पोराहो?"

"आज्जी, याचं औषध करायचंय. मन उदास होतं ना, त्याच्यावर."

"हा पाला तं माह्या शेळ्या रोजच खातेत."

शिवराज एकदम खूष! पुढं सरकून म्हणतो कसा, "मग आज्जी, शेळ्यांच्या मनावर काही फरक पडला का?"

म्हातारीनं शेळ्यांकडं बघितलं. मग शिवराजकडं बघितलं. मग मला हळूच विचारलं, "ह्याच्यासंगं घरचं मोठं मानूस कोनी आलं न्हाई का?"

*

कंट्रोल ग्रुप म्हणजे ज्यांना काहीच त्रास द्यायचा नाही, असे सुखी उंदीर. रिपोर्ट आले, तर सुखी उंदरांचं हार्मोन दुःखी उंदरांपेक्षा जास्त! पुन्हा टेस्ट लावली. पुन्हा तेच.

शेवटी मॅडम स्वतः सकाळभर उंदरांच्या खोलीत जाऊन बसल्या. सुख्यांचे पिंजरे होते खिडकीशी, आणि टँकर थांबायचा नेमका त्या खिडकीखाली. घागरींची आदळआपट, शिव्या, झोंबाझोंबी, ड्रायव्हरचा हॉर्न. दुःखी मात्र आतल्या खोलीत गारव्याला निवांत पडलेले!

मॅडम घाम पुसत बाहेर आल्या. "चाचा, सुखी आत घ्या आणि दुःखी इकडं खिडकीशी आणा."

गफूरचाचा जागचे हलले नाहीत. "लेकिन मॅडम, बदल्या के बाद सुखी किनको बोलना?"

मॅडमनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "चहा सांगा."

*

थीसिसच्या पहिल्या पानावर शिवराजनं पत्ता टाईप केला. गाव देवर्जन, जिल्हा उदगीर.

"अरे, जिल्हा अजून झालेला नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आपला अर्क बी अजून कुठं चाललाय? तरी नाव टाकलंच की!"

*

मग आली पोहण्याची टेस्ट. काचेच्या उंच भांड्यात पाणी भरून उंदीर सोडायचा. हातपाय मारत राहिला तर त्याला आशा आहे, नुसता तरंगत राहिला तर त्यानं हाय खाल्ली असं धरायचं. आणि दर उंदराला पाणी नवं पाहिजे, कारण आधीच्याच्या भीतीचा वास पुढच्याला येतो.

हॉस्टेलच्या मेसवाल्या कमलबाई हे दारातून बघत होत्या. त्या काही भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याचं पोहून झालं की पानी सांडू नका. संडासाला चालतंय."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या बाहेर बादल्यांची लाईन! आत आम्ही श्वास रोखून बसलेलो, बाहेरून हॉस्टेलची पोरं ओरडायली, "ओ, किती उंदीर ऱ्हायलेत?"

त्यानंतर मॅडमनी प्रयोगातले उंदीर कमी केले. वाचलेलं पाणी चाचांनी थेट बादल्यांत ओतलं.

*

मधेच शिवराज बोलायचा थांबला. जेवायला येईना, जिल्ह्याचं नाव काढीना. विचारलं तर "काही न्हाई."

एक दिवस अर्क मोजता मोजता म्हणाला, "मॅडम, ह्यातला थोडा मला द्या की."

"अजून उंदरावरसुद्धा सिद्ध झालेला नाही रे."

"मग मला उंदरांत धरा."

मी हसणार होते. तेवढ्यात मॅडमचा चेहरा दिसला. त्यांनी हातातलं काम टाकलं, त्याला डॉक्टरकडं नेलं, तिथून त्याच्या वडिलांना फोन लावला आणि संध्याकाळच्या गाडीत स्वतः बसवून दिलं. आम्ही वर्षभर उदासी मोजत होतो, आणि शेजारच्या स्टुलावरची आम्हाला दिसली नव्हती.

तो परत आला तेव्हा चेहरा जरा उजळला होता. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. मी विचारलं, "घरी काय केलंस?"

"काही न्हाई. आईनं झोपू दिलं."

गोळ्यांनी बरा झाला, की झोपेनं, की आईनं? कंट्रोल ग्रुप नव्हता, त्यामुळं सांगता येत नाही.

*

पण सगळ्यात भारी किस्सा टेस्टच्या शेवटच्या दिवसाचा. टँकर आला नव्हता. ड्रममध्ये तळाला होतं तेवढं पाणी चाचांनी भांड्यात ओतलं. राहिला होता अर्क न दिलेला, चांगला पिडलेला एक उंदीर. पुस्तकाप्रमाणं यानं लगेच तरंगायला पाहिजे. शिवराजच्या हातात स्टॉपवॉच, माझ्या हातात पेन.

उंदीर सोडला. त्यानं दोन-चार हात मारले, एक चक्कर घेतली आणि थांबला. पाणी कमी होतं. त्याची शेपटी तळाला लागली, मग मागचे पाय लागले. पुढचे पाय काचेला टेकवून, नाक पाण्याच्या वर काढून तो आमच्याकडं बघायला लागला.

शिवराज गोंधळला. "मॅडम, हे पोहणं धरू का तरंगणं?"

कागदावर रकाने दोनच होते. मी मॅडमकडं बघितलं. त्या वाकल्या, काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. तो त्यांच्याकडं बघतोय, त्या त्याच्याकडं.

"लिही," मॅडम म्हणाल्या, "उभा आहे."