ओढ्यातल्या तीन दुपारी

कुजबुज अशी होती, की गॅरेजवाला मिस्त्री आणि नर्सबाई रोज दुपारी ओढ्यात भेटतात. ओढ्याकाठी नव्हे हं, ओढ्यात! शिंप्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई गाडीच्या सीटवर, हा कमरेपर्यंत पाण्यात. शिंप्याची टेप कापडाला चार बोटं कमी पडते, पण अशा गोष्टींना हातभर जास्त पुरते.

मिस्त्री म्हणजे टापटिपीचं भूत. गॅरेजात पाने उंचीप्रमाणे टांगलेले, कळकट फडक्यांच्यासुद्धा घड्या. जेवायला बसला की आधी पाण्याचे पेले एका रेषेत लावायचा. "माझंच नाक तेवढं सरळ करायचं राहिलंय," बायको म्हणायची.

आता ती नर्सबाईंची जाड चाकांची चारचाकी बाइक. रस्त्यावर वाघ, पण दाट चिखलात रुतली की कुरकुरायची आणि ओढ्याचं पाणी लागलं की मान टाकायची. सोमवारी सकाळी तर मधोमध बंदच पडली. ओढ्यापलीकडे एका बाईचे दिवस भरले होते. गुरुवारी नर्सबाईंना तिथे पोचायचंच होतं.

गॅरेजात मात्र गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी. मिस्त्रीने एअर फिल्टर धुतला, प्लगची टोपी बदलली, चाकं फिरवणाऱ्या पट्ट्याचं झाकण उघडलं. आत पाण्याचा टिपूस नाही. आणि पट्टा घसरत असता तर इंजिन नुसतं बोंबललं असतं. इथे इंजिनच बंद पडत होतं. मिस्त्रीला काही सुचेना. दोन घास खाऊन उठायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. पेले वाकडे राहिले तरी लक्ष नाही.

बुधवारी, ओढ्यावरच्या तिसऱ्या दुपारी, बायकोने विचारलंच, "कुठे निघालात?"

"ओढ्यावर."

"ती असेलच."

"गाडी तिची आहे. पाण्यात उतरून मी कान लावणार, तर रेस कोण देणार?"

"छान. आणि ओला पायजमा पिळायला मी!"

ओढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "मिस्त्री, उद्या गुरुवार आहे हो."

"माहितेय, बाई. द्या, अजून द्या रेस."

इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं. मिस्त्री वाकला, आणि त्याला सीटखालची बोटभर जाडीची रबरी नळी दिसली. कार्ब्युरेटर तिच्यातून श्वास घेतो. तिचं तोंड बंद झालं की पेट्रोल उतरत नाही. ते तोंड पाण्याखाली होतं. नळी क्लिपने खाली बांधलेली, अगदी ओळंब्यासारखी सरळ. त्याने क्लिप काढून ती वर उचलली. इंजिन गरजलं. मिस्त्रीचं तोंड मात्र उतरलं.

"सापडलं? कुणाची हो ही करामत?"

"नळी होती एक," तो पुटपुटला आणि क्लिप खिशात टाकली. नळी त्याने हँडलपाशी उंच बांधली, घाईघाईत, चक्क वाकडी.

गुरुवारी नर्सबाई वेळेवर पलीकडे पोचल्या.

पायजमा धुताना बायकोला क्लिप सापडली. "ही कुठली?" मिस्त्रीने सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की बादली कलंडली.

शिंपी अजूनही डोळा मिचकावतो. मिस्त्री नुसता हसतो, नाकारत नाही. त्यापेक्षा खरं सांगणं त्याला जड जातं.

खरं एवढंच होतं: तीन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग करताना, हँडलपाशी लोंबकळणारी नळी बरी दिसत नाही म्हणून ती त्यानेच खाली बांधली होती. आपलीच चूक शोधायला तो तीन दुपारी ओढ्यात उभा होता.