थोरलीखाली दोन

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं शेडमास्तरांचं मत होतं: डोळस आणि आंधळी. डोळसांत ते एकटेच होते.

रंगाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. नव्या लॉटमधला रंग पट्टीवर लावून मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि छटा, म्हणजे शेड, पास की नापास ते सांगायचं. नापास म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आकाश धरलं.

शहरातलं ताराप्रेमींचं मंडळ एका तांबूस ताऱ्यावर पाळत ठेवून होतं. तारा लहरी, कधी उजळायचा, कधी मंदावायचा. मोजायची रीत सोपी होती. शेजारच्या दोन न बदलणाऱ्या पांढऱ्या तारका घ्यायच्या, एक जास्त तेजस्वी, एक कमी. मास्तरांनी त्यांना नावं दिली थोरली आणि धाकटी. थोरलीपासून धाकटीपर्यंत मनातल्या मनात दहा पायऱ्या मोजायच्या आणि लहरी कितव्या पायरीवर बसतो ते नजरेनं ठरवायचं.

दिवेलागणीनंतर मास्तर गच्चीवर दुर्बिणीला उजवा डोळा लावत. जुना आकडा दिसून मन फितूर होऊ नये म्हणून वही बायकोकडे. "थोरलीखाली दोन," असं ते ओरडत आणि ती लिही.

गेली चार वर्षं त्यांचे आकडे बाकीच्यांशी जुळत नव्हते. मास्तरांना दोन दिसलं की मंडळींना पाच-सहा. दरवेळी मास्तरांचा लहरी जास्तच उजळ.

"मेंढरं आहेत सगळी! चिटणीस आधी जुन्या आकड्यांचा आलेख बघतो, मग तारा. बाकीचे त्याच्या मागून."

चिटणीस आधी आलेख बघायचा, हे मात्र खरं होतं.

घरातही नापासाचा शिक्का चालूच होता. "चादरी पिवळ्या धुतेस तू. डोळे आहेत की बटणं?" बायकोनं तीन साबण बदलले. मग एकदाची ती गप्प झाली, आणि चादरीही ठीक असल्याचं मास्तरांनी मान्य केलं.

मंडळाचा एकत्र आलेख छापायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी निर्वाणीचं सांगितलं, "एक तर माझे आकडे, नाहीतर त्यांचे." भांडून कंटाळलेल्या चिटणिसानं मान तुकवली. रविवारच्या सभेत बाकीच्यांचे चार वर्षांचे आकडे रद्द व्हायचे होते. त्यांत एका नर्सबाईंचे होते. कामाची पाळी संपली की दवाखान्याच्या छतावर चढून त्या तारा बघत. "सुया टोचाव्यात तिनं," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला; डाव्याचा अजून बाकी होता. शनिवारी ते पुन्हा गच्चीवर गेले. उजव्या डोळ्यानं पाहिलं, थोरलीखाली सहा. डावा लावला, थोरलीखाली दोन. पुन्हा उजवा. सहा.

"डॉक्टरनं डोळा नासवला!" मास्तर गरजले. "मिसरूड न फुटलेल्यांच्या हाती डोळे दिल्यावर दुसरं काय होणार? काही लिहू नकोस."

रविवारी सकाळी पुरावा सापडला. दोरीवर चादर वाळत होती. डाव्या डोळ्यानं पांढरीशुभ्र, उजव्यानं चक्क निळी.

"हे बघ! पांढरी चादर मला निळी दिसतेय. आता त्याला कोर्टातच खेचतो."

बायको चिमटे लावता लावता थांबली.

"निळीच आहे ती," ती म्हणाली. "सगळ्यांना निळीच दिसते. शेजारीण विचारते, एवढ्या निळ्या चादरी कुठून आणता? साधी धुतलेली तुम्हाला पिवळी दिसायची. मग तुम्ही ठीक म्हणेपर्यंत मी नीळ घालत गेले. चार वर्षं घालतेय."

मास्तरांनी डावा डोळा मिटून चादर पुन्हा एकदा पाहिली. पिवळ्या दिव्याखाली शेड पास करायची नाही, हा नियम कारखान्यात त्यांनीच भिंतीवर लावला होता. मोतीबिंदूचा तो पिवळा दिवा त्यांच्याच डोळ्यात होता. त्यात पांढऱ्या तारका फिक्या पडत होत्या आणि तांबूस लहरी फुकटचा भाव खात होता. मेंढरं बरोबर वाटेनं चालली होती, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

सभेला पाच तास होते. चादरीचं गुपित घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, मंडळाला तर नव्हतंच. गप्प बसले असते तर आलेखावर त्यांचीच मोहोर उठली असती.

"वही आण," मास्तर खेकसले. "शेऱ्यात लिही. चार वर्षांचे माझे सगळे आकडे नापास. निरीक्षकाची नजर पिवळी होती."

तिनं लिहिलं. वही मिटणार, तोच ते भिंतीकडे बघत पुटपुटले, "आणि... चादरी पिवळ्या नव्हत्या."

तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली.

"हे तुम्ही लिहा," ती म्हणाली, "तुमच्या हातानं."