खडूचा हात

स्टायसच्या पायांना मुताचा वास यायचा आणि हातांना खडूचा. मुताने कपडे धुणाऱ्या आणि खडूने उजळवणाऱ्या रोममधल्या परटाला हे चुकत नाही, पण स्टायसला त्याचाच तोरा. कॉन्सलपदाच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदाच्या, निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडू चोळलेला, डोळे दिपवणारा टोगा घालून चौकात मतं मागत फिरायचा आणि तो पांढरेपणा स्टायसच्या हातचा असायचा. "कॉन्सल मी करतो, लोक नुसतं मत टाकतात," असं तो मिजाशीत म्हणायचा.

यादवी संपली. निवडणुका चालूच राहिल्या, मतांच्या टोपल्याही त्याच. फक्त कोणी निवडून यायचं, ते आता यादवी जिंकलेले, स्वतःला नुसतं 'पहिले नागरिक' म्हणवणारे सत्ताधीश आधीच सुचवत. सुचवलेल्यांचेच टोगे दुकानात येऊ लागले. स्टायसने काणाडोळा केला.

मग एके सकाळी पेतिलियस आला. स्टायसच्या बापाला गुलामीतून सोडवणाऱ्या घरचा मुलगा.

"स्टायसकाका, माझा टोगा करा. उभा राहतोय."

"धाकटे धनी, वरून नाव आलंय का?"

"पुरात घरोघरी धान्य पोचवलंय मी. लोक देतील की मत!"

"लोक!" टब तुडवता तुडवता बायको, होस्तिया, फिसकन हसली. "अहो, नाही म्हणा त्यांना."

पण स्टायसच्या हाताला खाज सुटली होती. कितीतरी दिवसांनी कोणीतरी खरंच उभं राहत होतं. त्याने तीनदा खडू चोळला. "आंधळ्यालाही दिसाल!"

तेच नडलं. भर गर्दीत मारेकऱ्यांना पेतिलियसला शोधावंच लागलं नाही.

संध्याकाळी त्याची आई तो टोगा घेऊन आली. त्याला सात भोकं होती.

"उद्या यातच त्याला चितेवर ठेवायचंय. होता तसा पांढरा करून दे."

"रक्त काढून देऊ, बाईसाहेब," होस्तिया घाईघाईने म्हणाली. "खडूचं मात्र... वरच्यांची माणसं बघतात हो."

स्टायस टबात उतरला. त्याने टोगा तुडवला, पिळला, पुन्हा तुडवला. खडूचं मडकं हाताशीच होतं. दोनदा त्याचा हात तिकडे गेला आणि मागे आला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

सकाळी बाईंनी टोगा उलगडला. स्वच्छ होता, पण मळकट दिसत होता. त्यांनी तो घडी करून काखेत घेतला.

"हात बघू तुझे," त्या म्हणाल्या.

स्टायसने खडूचा कणही नसलेले ते हात पाठीमागे लपवले.