डाव्या हाताची सुरी

आमच्या घरात सुरीने कधी कुणी काही चिरत नसे. आई विळीवर बसायची, बायको विळीवर बसायची, खालच्या मजल्यावरच्या बंगाली बायका त्यांच्या बोंटीवर, म्हणजे विळीच्याच थोरल्या बहिणीवर. आणि मी मात्र कलकत्त्यात, बालीगंजच्या त्या दोन खोल्यांत, पलंगाखालच्या ट्रंकेत, तेलाच्या फडक्यांत गुंडाळून जपानी सुऱ्या जमवत होतो.

नाद लिलावांमुळे लागला. लढाईच्या आधी कलकत्त्यात थोडे जपानी राहत. लढाई पेटल्यावर त्यांना धरून नेलं आणि त्यांचं घरचं सामान जप्त झालं. स्वातंत्र्यानंतर साहेब लोक गाशा गुंडाळू लागले, तेव्हा रविवारच्या लिलावांत त्यांच्या पियानोंच्या आणि वाघाच्या कातड्यांच्या मागून हे जुनं सामानही बाहेर पडू लागलं. सुऱ्या काट्याचमच्यांच्या ढिगात फेकलेल्या असत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. लोखंड आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. अख्खा ढीग उचलायचा, गंज काढायचा, ओल्या दगडावर धार लावायची, साध्या सुऱ्या चिनी खानावळवाल्यांना विकायच्या आणि ज्यांच्या पात्यावर लोहाराने छिन्नीने आपलं नाव कोरलेलं असेल त्या ठेवून घ्यायच्या. ते नाव मला वाचता यायचं नाही, पण अक्षरांची वळणं पाठ झाली होती. एकाच लोहाराच्या हातच्या सुऱ्या गोळा करायच्या, हे वेड त्यातूनच आलं.

या सुऱ्यांना धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताने कापलं की फोड पात्यापासून सुटून अलगद बाजूला पडते.

एक सुरी उलटी निघाली. सपाट बाजू भलतीकडे, लाकडी मुठीचा कंगोराही भलतीकडे. मी दगडावर घासता घासता वैतागलो. "ही बनवताना चुकलीय," असं बायकोला म्हणालो.

"बघू," ती म्हणाली.

सुरी हातात द्यायची नसते, भांडण होतं. म्हणून मी ती जमिनीवर ठेवली. तिने उचलली ती डाव्या हाताने. बायको डावखुरी. माहेरी ते चालून गेलं होतं. आमच्याकडे स्वयंपाकात डावा हात पुढे करायचा नाही असा आईचा दंडक. त्यामुळे विळीवर ती उजव्या हाताने रेटून चिरायची आणि तिच्या बोटांवर बारीक चिरा कायम असायच्या. तिने समोरची काकडी पाटावर धरली आणि कापत गेली. चकत्या इतक्या पातळ की पाटाचा रंग त्यातून दिसावा. ती हसायला लागली.

"अहो, ही चुकलेली नाही. ही माझ्या माहेरची दिसते."

तेव्हापासून ती सुरी ट्रंकेत गेली नाही. बायको ती वापरून लगेच पुसायची आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. आईने पहिल्या दिवशी तोंड सोडलं. "डाव्या हाताने चिरलेलं देव काय डाव्या हाताने खाणार?" पण त्या दिवशी कोशिंबीर तिने दोनदा मागून घेतली. पुढे बाजारातून काकड्या आल्या की आईच मला म्हणायची, "त्या तुझ्या जपानणीकडे दे रे, आमची विळी काय मेली, फोडी करते." सुरीला हे नाव आईनेच ठेवलं होतं, दोघी त्यावर हसायच्या. नैवेद्याचं तेवढं विळीवर, बाकीचं सुरीवर, असा त्यांनी आपसात तोडगा काढला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, विचारायची गरजही नव्हती.

चहाच्या कंपनीतला एक साहेब माझ्यासारखाच सुऱ्यांमागे लागलेला होता. विलायतेला परत जायच्या आधी तो माझा संग्रह बघायला आला. त्याच्याकडे माझ्याच लोहाराची मासे कापायची लांब सुरी होती. तिच्यावाचून माझा संच अडला होता. ट्रंकेतल्या सुऱ्यांकडे त्याने नुसती नजर टाकली. मग त्याला कोनाडा दिसला. डाव्या हाताची सुरी मागणीवरूनच घडवतात, हजारांत एखादी सापडते, असं तो म्हणाला. अदलाबदल करायची तर तिच्याशीच.

बायको तेव्हा तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. मी सुरी फडक्यात गुंडाळून दिली.

संध्याकाळी ती कोनाड्यापाशी उभी राहिली आणि माझ्याकडे वळून बघू लागली. मी म्हणालो, "आईला खपत नव्हतं. गौरी-गणपती तोंडावर आलेत, तिला घरात ती सुरी नको होती."

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. आपसूक आलं. आई देवळात गेली होती.

बायको विळी ओढून बसली. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतं बोलू लागली. तिसऱ्या दिवशी मी साहेबाच्या बंगल्यावर गेलो, लांब सुरी परत करायला. व्हरांड्यात खोक्यांवर खिळे ठोकणं चाललं होतं. साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाला, मास्तर, सौदा तो सौदा. आमची सुरी कुठल्या खोक्यात आहे हे आता त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी लिलावांत सुऱ्या उलट्या करून बघत राहिलो. सपाट बाजू नेहमी त्याच अंगाला, उजव्या हातासाठीच असायची.

आईने मला एकदा विचारलं, "ती माझ्याशी बोलत का नाही रे? माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "थकली असेल." एवढंच. शाळेत मी तासभर न थांबता बोलायचो.

मग आईने अंथरूण धरलं. बायकोने तिचं सगळं केलं; औषध वेळेवर, अंग पुसणं वेळेवर, पण एक मऊ शब्द नाही. शेवटी शेवटी आईच्या तोंडाला चव राहिली नव्हती. एका दुपारी ती म्हणाली, "काकडीची कोशिंबीर करशील? त्या जपानणीसारखी, पातळ चिरून."

बायकोच्या हातातली वाटी थांबली. तिला तो टोमणा वाटला. सुरी काढून घ्यायला लावायची आणि वर मरतानाही टोचायचं. ती उठून बाहेर गेली. आई माझ्याकडे बघत राहिली. मी दोघींच्या मधे बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी आईची चादर सारखी केली.

आई त्याच आठवड्यात गेली.

बायकोला मी परवा सांगितलं. ती स्वयंपाकघरात विळीवर होती, मी दाराशी उभा. साहेब, अदलाबदल, आईचं नाव, सगळं. कोशिंबिरीचंही सांगितलं, आईने खरंच मागितली होती, हे सांगितलं. वाटलं ती ओरडेल. मला ते हवंच होतं.

तिने विळीचं पातं पदराने पुसलं.

"तुम्ही मला सांगून मोकळे झालात," ती म्हणाली. "मी आता कुणाला सांगू?"

तिने पुढ्यातली काकडी उचलली आणि उजवा हात पुढे करून चिरायला घेतली. फोडी जाडबारीक पडत होत्या. मी तिथेच उभा राहिलो.